चौदा किलो रुई

ॲल्युमिनियम गंजत नाही, असं मी आजवर किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल याची मोजदाद माझ्याकडे नाही. बाकी बहुतेक गोष्टींची आहे. ते सांगणं अर्धंच खरं होतं. लोखंड गंजलं की लाल होतं, सगळ्यांना दिसतं. ॲल्युमिनियम पांढरं होऊन गंजतं. रंगाखाली आधी मोहरीएवढा फोड येतो, मग वाटाण्याएवढा. नखाने टोकरला तर बारीक मिठासारखी पांढरी भुकटी निघते. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि मागे पत्रा कागदाएवढा उरलेला असतो. अंगठ्याने दाबला की अंगठा आत जातो.

माझी शेड अमरावतीला बडनेरा रोडवर आहे आणि घर राजापेठेत. ट्रकच्या सांगाड्यावर मागचा डबा बांधायचा, हा धंदा. फिरता दवाखाना, नाश्त्याची गाडी, मंडपवाल्यांची गाडी, कुणाला काय हवं तसं. आधी लोखंडी चौकट, तिला दर सोळा इंचांवर उभ्या फासळ्या, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय, आणि मधल्या दीड इंचाच्या पोकळीत ऊन अडवायला काहीतरी भरलेलं. सगळी भिंत मिळून पावणेदोन इंचांची. गिऱ्हाइकाला त्यातला बाहेरचा रंग तेवढा दिसतो.

एकेकाळी शेडमध्ये आम्ही सहा जण होतो. मग कारखान्यातून तयार डबे यायला लागले. दोघे त्याच कारखान्यांत गेले, एकाने ऑटो घेतला, एक वारला, एक गावी शेतीवर परतला. गेली सात वर्षं मी एकटा आहे. पत्र्याचं काम खरं तर एकट्याचं नाही. भरीव रिबिट मारायचं तर बाहेरून हातोडी मारणारा एक आणि आतून लोखंडी ठोकळा दाबून धरणारा एक, असे दोघे लागतात. पुढे पॉप रिबिट आलं. ते बाहेरूनच बसतं, आत कुणी लागत नाही. धंद्याला ती सोय झाली. मला झाली की नाही, ते नक्की सांगता येत नाही. दुपारी डबा उघडून खाताना रस्त्यावरच्या ट्रकांशिवाय आवाज नसतो. बायको म्हणते, घरी आल्यावरही तुम्ही हो-नाहीच्या पुढे बोलत नाही. तिचं म्हणणं खरं आहे. दिवसभर बोलायची सवय राहिली नाही की संध्याकाळी ती एकदम कुठून येणार?

ॲल्युमिनियमचा स्वभाव मला शिकवला तो मोर्शीच्या एका बँडवाल्याने. त्याच्या गाडीचा डबा मी बांधला. तो म्हणाला, दोन्ही बाजूंना बँडचं नाव पितळी अक्षरांत पाहिजे. मी म्हटलं रंगवून देतो. ते त्याला पटलं नाही.

"वाजा पितळेचा आन नाव रंगाचं? लोक हासतीन ना भाऊ."

मी अक्षरं ठोकून दिली. दोन पावसाळ्यांनी तो गाडी घेऊन आला. अक्षरं सैल होऊन अर्धी गळाली होती. पितळ आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून ओले राहिले की पितळेला काही होत नाही, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. उरलेली अक्षरं आणि आतलं प्लाय काढून डब्यात शिरून पाहिलं तर प्रत्येक अक्षराच्या जागी पत्रा आरपार गेलेला आणि उन्हात बँडचं सबंध नाव आतून उलटं वाचता येत होतं. तो चिडला होता. मी चाचरत म्हटलं, पत्रा बदलून देतो, नाहीतर आत दिवे लावले तर नाव उजळून दिसेल. त्याने दिवेच लावून घेतले आणि पुढे तीन हंगाम तशीच गाडी मिरवली. वर मलाच लोकांना सांगायचा, असं काम कोनाले जमत नाई म्हणून.

ती चूक अंगाला लागली नाही. दुसरी लागली. तीच सांगायला बसलो आहे.

तायडे सर अकोल्याचे. सरकारी माती-पाणी तपासणीच्या फिरत्या गाडीवर त्यांची सगळी नोकरी झाली. गावोगाव जायचं, शेतातली माती आणि विहिरीचं पाणी तपासून सांगायचं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना आमच्याकडे खारपाणपट्टा आहे. तिथलं जमिनीतलं पाणी मचूळ, ते वरचेवर दिलं तर जमीन कडक होते. कोणत्या गावच्या कोणत्या विहिरीत किती खार आहे ते सरांना तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना छोटा ट्रक घेतला आणि माझ्याकडे आले. सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. म्हणाले, याच्यावर राहायची खोली बांधून द्या. दोन माणसं झोपतील, स्वयंपाक होईल, आणि एका कोपऱ्यात माझ्या बाटल्या राहतील.

लोकांना ते विचित्र वाटलं. अकोल्यात स्वतःचं घर असून हा माणूस बायकोला घेऊन ट्रकात राहणार? सर म्हणाले, "राऊतभाऊ, तीस वर्षं मी फिरलो आन ते घरी बसली. आता तिले दाखवतो मी कुठी कुठी जात होतो ते."

अकरा फूट लांब, सहा फूट रुंद, सव्वासहा फूट उंच. भिंतीच्या पोकळीत काय भरायचं, हा प्रश्न होता. थर्माकोल फासळ्यांच्या मापात कापावं लागे, फटी राहत. काचेच्या लोकरीने अंग खाजायचं. मी विचार केला, वऱ्हाडात राहून भिंतीत थर्माकोल कशाला? गादीवाल्याकडून पिंजलेली रुई आणली. सगळ्या भिंतींत मिळून चौदा किलो गेली. मी तोलून भरली होती, कारण कमी पडली तर वर पोकळी राहते. त्या एप्रिलमध्ये सरांनी थर्मामीटर लावला. बाहेर चव्वेचाळीस आणि आत पस्तीस. नऊ अंशांचा फरक त्यांनी मला फोन करून कळवला आणि पुढे भेटेल त्याला सांगितला. त्यावरून आणखी चार गिऱ्हाइकांनी रुईच्या भिंती करून घेतल्या. मला अभिमान होता. शेडच्या दारावर मी तसं लिहूनही घेतलं होतं.

नवराबायको आठ वर्षं फिरले. कधी मेळघाटात, कधी नांदगाव खंडेश्वरला सरांच्या बहिणीकडे, बराच काळ खारपाणपट्ट्यातल्या गावांत. सर उतरून लोकांचं पाणी तपासायचे आणि बाई ट्रकच्या पायरीवर बसून बायकांशी बोलायच्या.

मग बाई आजारी पडल्या. मे महिना होता. सर सकाळी अकराला गाडी घेऊन शेडवर आले आणि म्हणाले, तिला ऊन सोसत नाही, खिडकीजवळ कूलर बसवून द्या, आजच. बाई आतच झोपल्या होत्या. मी डाव्या भिंतीत चौकोन कापला, लोखंडी चौकट बसवली, तिला लोखंडी स्क्रू मारले आणि कूलर चढवला. दोन तासांत काम झालं. कापलेल्या कडेला आतून पट्टी बसवून ती बंद करायला हवी होती, म्हणजे पाणी भिंतीत शिरलं नसतं. त्याला आणखी तीन तास लागले असते. आत बाई धापा टाकत होत्या. मी म्हटलं, पंधरा दिवसांनी या, तेवढं एक काम राहिलं आहे. सर पंधरा दिवसांनी आले नाहीत आणि मीही आठवण केली नाही. दोन वर्षांनी बाई गेल्या.

त्यानंतर सर अकोल्याच्या घरात फारसे राहिलेच नाहीत. मुलगा प्रशांत पुण्याला असतो. तो बोलवायचा, पण सर चार दिवस जाऊन परत यायचे. ट्रक चाळीसच्या वर कधी पळवायचे नाहीत. एखाद्या गावाच्या शाळेजवळ झाडाखाली उभा करायचे आणि आठ-पंधरा दिवस राहायचे. लोक बाटलीत पाणी घेऊन यायचे. मी एकदा विचारलं, घर बंद ठेवून इथं काय सुख आहे? ते म्हणाले, "घरात कोनी दार वाजवत नाई, भाऊ. इथं दिवसातून धा जन वाजवते."

यंदा फेब्रुवारीत ते ट्रक घेऊन आले. डाव्या भिंतीवर कूलरखालच्या सगळ्या भागाला फोड आले होते. मी बोटाच्या पेराने ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो. कूलरपासून चाकाच्या कमानीपर्यंत सगळं बद्द. डाव्या भिंतीच्या तीनशे बारा रिबिटांपैकी सत्त्याऐंशी सैल होती. खालच्या कडेला बोट लावलं तर पत्र्याचा तुकडाच हातात आला.

सरांनी माझ्या हातातला तुकडा घेतला, भुकटी बोटावर घेऊन जिभेला लावली आणि थुंकले.

"खार," ते म्हणाले. "माह्या कूलरचं पानी. आठ वर्षं बोअरचं पानी भरून राहिलो त्यात. लोकाइले सांगत होतो जमिनीले देऊ नका म्हणून, आन सोता भिंतीले देल्लं."

खरंच तोवर मलाही तसंच वाटत होतं.

ते चार दिवस बहिणीकडे नांदगावला राहणार होते. गाडी माझ्याकडे सोडून गेले. त्याच दुपारी प्रशांतचा पुण्याहून फोन आला. बोलणं सभ्य होतं. बाबा चौऱ्याहत्तरचे आहेत, एकटे कुठेही पडून राहतात, फोन लागत नाही, मला झोप येत नाही, असं तो सांगत होता. ते सगळं खरंच होतं. शेवटी म्हणाला, "काका, ते माझं ऐकत नाहीत, पण तुमचं ऐकतात. गाडी दुरुस्त होण्यासारखी नाही, एवढंच सांगा. मग ते इकडे येतील."

मी म्हटलं, उद्या पत्रा उघडून पाहतो आणि असेल ते सांगतो.

उघडून पाहिलं. डब्याला छत आणि तळ धरून एकूण चव्वेचाळीस फासळ्या. त्यातल्या पाच गेल्या होत्या, बाकी एकोणचाळीस उत्तम. डावी भिंत सोडली तर पत्रा धड होता. म्हणजे गाडी दुरुस्त होत होती, आणि चांगली होत होती. प्रशांतला मी तसं कळवलं. म्हटलं, मला खोटं सांगता येणार नाही. तो बरं म्हणाला. फोन ठेवल्यावर मला स्वतःबद्दल चांगलं वाटत होतं, हेही सांगितलं पाहिजे.

फासळ्या मोजायला भिंत उघडली होती, पण रुई अजून आतच होती. दुसऱ्या दिवशी ती काढायला घेतली. डाव्या भिंतीतली हाताला लागली ती भिजलेल्या गोधडीसारखी. काळपट, जड, कडेकडेने पांढरे पट्टे. मी कापलेल्या त्या चौकोनाच्या कडेपासून पाणी आत शिरलं होतं आणि दिव्याच्या वातीने तेल ओढावं तसं रुईने ते सबंध भिंतीत ओढून नेलं होतं. उजव्या भिंतीतही खालून ओल पोचली होती. आठ वर्षं खाऱ्या पाण्याचा पोटीस पत्र्याला आतून बांधलेला होता. बाहेरून ओघळणाऱ्या पाण्याने पत्र्याला फार काही होत नाही. ऊन लागलं की तो सुकतो. भिंतीत कोरडी रुई असती तरी काही झालं नसतं. बाकीच्या चार गाड्यांना कूलर नव्हते आणि त्यांच्या भिंती धड आहेत, हे मी नंतर फोन करून विचारून घेतलं. पाणी सरांचं होतं, पण त्याला आत वाट मी ठेवली होती आणि आत धरून ठेवायला रुईही मीच भरली होती.

सगळी रुई गोण्यांत भरून तोलली. एकतीस किलो.

चौदाची एकतीस. मी आकडा कागदावर लिहिला आणि कागद खिशात ठेवला. मग गोण्या शेडच्या मागे नेऊन उन्हात पसरल्या आणि सुकल्यावर जाळल्या. त्या तशाच ठेवून सरांना दाखवता आल्या असत्या. मी तसं केलं नाही. ते यायच्या आत मागची जागा झाडूनही घेतली.

सर परत आले आणि दुसऱ्या दिवसापासून मदतीला बसले. मी म्हटलं, पॉप रिबिट आहे, एकटा करतो. ते म्हणाले, पहिले होतं तसंच भरीव मारा, मी आतून ठोकळा धरतो, मला कुठे जायचं आहे? आठ दिवस आम्ही असं काम केलं. ते आत स्टुलावर बसून, मी बाहेर उभा, मधे नवा पत्रा. मी "हं" म्हणायचो, ते "धरलं" म्हणायचे, मी हातोडी मारायचो. तीनशे बारा वेळा. दोन रिबिटांच्या मधे बोलणं व्हायचं. तोंड दिसत नसलं की माणूस जास्त बोलतो. त्यांनी बाईंच्या आजारपणाचं सगळं सांगितलं. शेवटच्या उन्हाळ्यात ती कूलरला पाय लावून झोपायची, म्हणे. मीही बोललो. शेड रिकामी झाल्यावर पहिल्या वर्षी मी सहा जणांचा चहा सांगायचो आणि मग पाच परत पाठवायचो, हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं. इतकं बोलणं सात वर्षांत झालं नव्हतं.

चौथ्या दिवशी, आम्ही फासळ्यांमधे थर्माकोल बसवत खालच्या ओळीला आलो असताना, आतून आवाज आला.

"राऊतभाऊ, आतली रुई कशी निघाली?"

मी हातातलं रिबिट भोकात घातलं आणि म्हटलं, "ठीक होती, सर. सुकी होती."

"मंग थर्माकोल काहून टाकून राहिले?"

"हलकं पडते."

"बरं," ते म्हणाले. आणि मग, "धरलं."

मी हातोडी मारली.

का खोटं बोललो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लाज होती हे एक. सोळा वर्षं ज्या भिंतीचं ते कौतुक करत होते ती भिंत माझी होती. दुसरं, आठ दिवसांतले चार उरले होते आणि ते मला तसेच हवे होते. खरं सांगितलं असतं तर पाचव्या दिवशी ते आत बसले असते की नाही, मला ठाऊक नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात गाडी तयार झाली. मला माझं काम आवडलं की मी थोडा लांब जाऊन पाहतो, तसा मी गेटपर्यंत जाऊन पाहत होतो. तेवढ्यात सरांनी कूलर उचलून शेडच्या भिंतीला लावून ठेवला.

"हा इथंच राहू द्या. एवढी चांगली भिंत केली तुमी, पुन्हा खराब होईन. ह्याच्यानंच झालं सगळं."

तेव्हा सांगायला हवं होतं. खरं कारण सांगायचं नसलं, तरी एवढं तरी सांगता आलं असतं की कूलर बाहेर स्टँडवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब, आणि नळीने वारा आत घ्या, काही होणार नाही. पण तसं म्हटलं असतं तर त्यांनी लगेच विचारलं असतं, मग भिंत कशाने गेली? माती तपासणारा माणूस, कारण सापडल्याशिवाय सोडणारा नव्हे. मी म्हटलं, "उन्हाळा हाये सर, अकोल्याचा."

"पंखा हाये. थर्माकोल हाये. बाकीचे लोक नाई राहत का?"

ते गेले. कूलरच्या चौकोनाच्या जागी मी नवा पत्रा मारला होता. तिथे काही होतं असं ओळखूही येत नव्हतं.

मे महिन्यात दर्यापूरच्या पुढच्या एका गावात ट्रक उभा होता. झाड होतं, पण दुपारची सावली दुसऱ्या बाजूला गेली होती. पाण्याची बाटली घेऊन आलेल्या एका बाईने दार वाजवलं, उत्तर आलं नाही म्हणून ढकललं, तर सर पलंगाखाली पडलेले होते. उष्माघात. गावच्या लोकांनी त्यांना अकोल्याला दवाखान्यात नेलं. नऊ दिवस ते तिथे होते. वाचले. पण एका पायातली ताकद गेली आणि मूत्रपिंडं अशक्त झाली. गाडी चालवणं संपलं. प्रशांत येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला.

ट्रक त्याने माझ्या शेडवर आणून लावला. किल्ली माझ्या हातात देताना तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "काका, मी तुम्हाला फक्त एक वाक्य सांगायला सांगितलं होतं."

तो मला ज्या गोष्टीचा दोष देत होता ती माझी चूक नव्हती. गाडी खरंच दुरुस्त होण्यासारखी होती. पण दोष योग्य माणसाला दिला जात होता. म्हणून मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

दोन महिने ट्रक शेडमध्ये उभा होता. मी रोज त्याच्याजवळून ये-जा करत होतो. घरी बायकोला एकदा सगळं सांगितलं. ती भांडी लावत होती. ऐकून म्हणाली, "मले कायले सांगता? ज्यायले सांगाचं त्यायले सांगा ना." आणि भांडी लावत राहिली.

जुलैच्या शेवटी मी पुण्याला फोन लावला. प्रशांतने उचलला आणि काही न विचारता सरांकडे दिला. आवाज बारीक झाला होता. तब्येतीचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "सर, रुई सुकी नव्हती."

ते म्हणाले, "किती निघाली?"

"एकतीस किलो."

"भरली किती होती?"

"चौदा."

"म्हंजे सतरा लिटर पानी." त्यांनी हिशेब लगेच केला. "कुठून गेलं?"

मी कापलेल्या कडेचं सांगितलं. पट्टी राहिली, तुम्ही बाईंना घेऊन आला होता तो दिवस, पंधरा दिवसांनी बोलावून मी विसरलो ते, पुन्हा फेब्रुवारीत भिंत उघडल्यावर काय दिसलं ते, गोण्या जाळल्या ते. काही सोडलं नाही. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मंग यंदा कूलर लावता आला असता?"

"आला असता सर. स्टँडवर."

"हं."

मला वाटलं आता ते फोन ठेवतील. पण ते म्हणाले, "इथं पोरानं एसी लावून देल्ला. खिडकी उघडता येत नाई. सातवा माळा हाये." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तवाच काहून नाई सांगतलं, भाऊ? मी रागावलो असतो. दोन दिवस बोललो नसतो. तिसऱ्या दिवशी आलोच असतो ना."

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. म्हणाले, गाडी विकून टाका, उभी ठेवून काय करता? फक्त घेणाऱ्याला भिंतीचं सगळं सांगा.

सप्टेंबरात गिऱ्हाईक मिळालं. गावोगावच्या बाजारात कपडे विकणारा माणूस, नवराबायको दोघं फिरणार. मी त्याला डाव्या भिंतीजवळ उभं करून सगळं सांगितलं. आधी काय होतं, कुणाच्या चुकीने गेलं, आता काय आहे, कूलर लावायचा तर कसा लावायचा. कागदावर आकृतीही काढून दिली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "टायर कवा बदलले?" त्याच्या बायकोने मात्र तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. मग दोघं ट्रक घेऊन गेले. शेडमध्ये त्या जागी तेलाचा डाग राहिला आहे. पुसला तर जाईल, पण अजून पुसलेला नाही.

संध्याकाळी सरांना फोन केला आणि गाडी गेल्याचं सांगितलं.

"सांगतलं ना त्याले?"

"सांगितलं."

"समदं?"

"समदं."

ते बरं म्हणाले. मग त्यांनी अमरावतीत पाऊस किती झाला विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पुण्यातला सांगितला. त्यांनी शेडबद्दल एक प्रश्न विचारला, त्याचं मी उत्तर दिलं. त्यानंतर दोघांनाही काही सुचेना. तिकडे कुठेतरी एसीचा आवाज येत होता, इकडून ट्रक जात होते. त्यांनी फोन ठेवला नाही आणि मीही नाही. शेवटी आत प्रशांतने त्यांना जेवायला हाक मारली.

नंतर फोनवर पाहिलं तर अकरा मिनिटं झाली होती. बोलणं जेमतेम चार मिनिटांचं होतं.